काका, सुई सुटली नाही अजून

आमच्या काकांना मिसळ सुटत नाही आणि शुगरही त्यांना सोडत नाही. ऑर्डर दिली की शर्ट वर करून टेबलाखाली पोटाला इन्सुलिनचा पेन लावतात, शेजारचा बघतच राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये सिप्लाला ॲफ्रेझा, म्हणजे तोंडानं ओढायचं इन्सुलिन, भारतात विकायची परवानगी मिळाली तेव्हा काकांनी लगेच मला फॉरवर्ड केलं, आता सुई बंद!

तसं नाही ओ काका.

इन्सुलिन हे प्रोटीन, गोळी करून गिळलं तर पोटात डाळीसारखं पचून जाणार, म्हणून टोचावं लागतं. फुफ्फुसाचा पडदा मात्र एवढा पातळ की बारीक पावडर तिथनं थेट रक्तात उतरते, फक्त कण २-३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पाहिजेत, जाड असले तर घशातच चिकटतात. आणि खरी गंमत सुई नसण्यात नाहीच, वेगात आहे. कातडीखाली टोचलेलं जेवणाचं इन्सुलिन रक्तात पूर्ण चढायला तासभर घेतं आणि मग चार-चार तास रेंगाळतं, म्हणजे मिसळ कधीच पचली तरी ते साखर खाली ओढतच बसतं. ओढलेलं १२-१५ मिनिटांत रक्तात शिखरावर जातं आणि दीड ते तीन तासांत त्याचं काम आटपतं. धडधाकट माणसाचं स्वादुपिंडही पहिल्या घासालाच इन्सुलिन सोडतं, हे त्याच्या थोडं जवळ जातं एवढंच.

आयडिया नवी नाही. फायझरचं असंच ओढायचं एक्झुबेरा २००६ला अमेरिकेत आलं, यंत्र टेनिस बॉलच्या डब्याएवढं, हॉटेलात काढायचं म्हटलं तर पेन बरा! २००७ला कंपनीनंच गुंडाळलं. ॲफ्रेझाचा इनहेलर मुठीत मावतो, अमेरिकेत त्याला २०१४मध्ये परवानगी मिळाली.

पण हे फक्त जेवणापुरतं. ज्यांना दिवसभराचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन लागतं त्यांची ती सुई राहतेच. दमा किंवा सीओपीडी (श्वास कोंडणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) असेल तर नाहीच, सिगरेट ओढणाऱ्यांनाही देत नाहीत. सुरू करायच्या आधी, मग सहा महिन्यांनी आणि पुढं दरवर्षी, नळीत फुंकून फुफ्फुसाची टेस्ट. खोकला बऱ्याच जणांना येतो, आणि शुगर एकदम उतरायची भीती इथंही आहेच.

डोस ४, ८, १२ युनिटच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पावडर भरलेल्या छोट्या कुपीत, निळी, हिरवी, पिवळी. कार्ट्रिज बसवली की इनहेलर आडवा सपाट धरायचा, उलटा झाला किंवा हलवला तर पावडर सांडते आणि ती कार्ट्रिज टाकून नवी घ्यायची. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, बोलताना माझे हात कधी एका जागी असतात व्हय?