आलेक्झांडरवोल मंडळी : नोंदवही आणि ‘फ्लेमिश’ या शब्दाचा गुंता

कॅन्सस राज्यातील गेसल गावाजवळचे आलेक्झांडरवोल मंडळीचे उपासनागृह १८८६ मध्ये उभे राहिले आणि १९२८ मध्ये त्याचे रूप बरेच बदलले. ते पाहणाऱ्याला ही मेनोनाइट (शस्त्र न धरणाऱ्या आणि प्रौढपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) मंडळी अमेरिकेतच स्थापन झाली असावी असे वाटते. परंतु १८७४ मध्ये ती तेथे पोहोचली तेव्हा तिच्यामागे सुमारे दोन शतकांचे आयुष्य होते, आणि सामानात तिची जुनी नोंदवही होती.

मंडळीचे मूळ ठिकाण आजच्या पोलंडमध्ये विस्तुला नदीकाठी, श्वेत्सजवळचे प्शेहुवको हे खेडे. तिथल्या एका ‘वडिलांनी’, म्हणजे मंडळीच्या धार्मिक प्रमुखाने, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या वहीची मांडणी केली. तीत घराण्यांचे दुवे सतराव्या शतकापर्यंत मागे नेलेले आहेत, त्यामुळे तिचे स्वरूप चर्चच्या नेहमीच्या नोंदपुस्तकापेक्षा आपल्याकडच्या कुलवृत्तांताला जवळचे वाटते. बाप्तिस्मा प्रौढपणी, स्वतःच्या कबुलीनंतर होत असल्यामुळे जन्म आणि बाप्तिस्मा यांत बऱ्याच वर्षांचे अंतर राहते, आणि बाप्तिस्म्यापूर्वी वारलेली मुले मंडळीची सभासद कधीच झालेली नसली तरी वंशवृक्षात त्यांची जागा असते. सभासदसंख्या आणि लोकसंख्या एकच मानणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

याहून मोठा घोटाळा एका नावाने केला आहे. ही मंडळी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या ‘जुन्या फ्लेमिश’ शाखेशी जोडलेली होती आणि या एका शब्दाच्या आधारे वंशजांच्या कित्येक पिढ्यांनी आपले पूर्वज फ्लँडर्सहून (आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातून) आल्याचे सांगितले. वास्तविक ‘फ्लेमिश’ आणि ‘फ्रिशियन’ हा भेद १५६६-६७ च्या सुमारास नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रिसलँडमध्ये, दक्षिणेकडून आलेले निर्वासित आणि स्थानिक मेनोनाइट यांच्यातील वादातून निर्माण झाला, आणि लवकरच ही नावे प्रदेशाची न राहता पक्षाची झाली. पुण्यात जन्मलेला माणूसही कोकणस्थ असतो, एवढ्यापुरती ही गोष्ट आपल्याला समजायला सोपी आहे. फरक असा की येथे जन्माने फ्रिशियन असलेला माणूस फ्लेमिश मंडळीत जाऊ शकत असे, मात्र त्यासाठी काही ठिकाणी त्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागे. ‘जुने’ हे विशेषणही वयाचे नसून शिस्तीच्या कडकपणाचे आहे. १७१९ मध्ये नेदरलँड्समधून एक वडील प्शेहुवकोला भेट देऊन गेले, यावरून दोन्हीकडचा धार्मिक संबंध खरा होता हे दिसते, पण धार्मिक संबंध म्हणजे रक्ताचा संबंध नव्हे. वहीतले रात्सलाफ हे आडनाव स्लाव्ह वळणाचे आहे आणि अशी इतरही नावे डच मुळाची वाटत नाहीत. तरीही ‘आपण मूळचे डच’ हे विधान आजही सहज केले जाते. नोंदवहीपेक्षा शाखेच्या नावावर अधिक विश्वास ठेवला गेला, असेच याबाबत म्हणावे लागते.

प्शेहुवको तेव्हा ज्या जर्मन राज्यात होते त्या प्रशियात शस्त्र न धरण्याच्या सवलतीची किंमत जमीनखरेदीवरील निर्बंधांच्या रूपाने द्यावी लागत असल्यामुळे १८२० मध्ये बहुतेक कुटुंबे दक्षिण रशियातील मोलोचना वसाहतीकडे निघाली. वाटेत सम्राट आलेक्झांडर पहिला भेटला आणि त्याने शुभेच्छा दिल्या, म्हणून नव्या गावाचे नाव आलेक्झांडरवोल पडले (जर्मनमध्ये ‘वोल’ म्हणजे कल्याण).

रशिया सोडण्याचे कारण म्हणून सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा सांगितला जातो आणि ते खरेच आहे. पण १८६० च्या दशकात मोलोचनातील बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन होती, हे त्याच्या जोडीला क्वचितच सांगितले जाते. १८७३ मध्ये बारा प्रतिनिधी उत्तर अमेरिका पाहून आले, त्यांत या मंडळीचे वडीलही होते. पुढच्याच वर्षी सुमारे ८०० जण, म्हणजे जवळजवळ सबंध मंडळी, हॅम्बुर्गहून ‘सिंब्रिया’ आणि ‘ट्युटोनिया’ या जहाजांनी निघाली. ‘ट्युटोनिया’तील लोकांची पुढे होफनुंग्साउ ही वेगळी मंडळी झाली. सांटा फे रेल्वेला विकण्यासाठी जमीन होती, राहायला तिने तात्पुरत्या लांबलचक इमारती बांधून दिल्या, आणि कॅन्ससने १८७४ मध्येच राज्याच्या नागरी सैन्यसेवेतून सूट देणारा कायदा केला. होखफेल्ड, ब्लूमेनफेल्ड अशा नावांची रशियन पद्धतीची गावे वसवण्याचा प्रयत्न झाला खरा, पण चौरस तुकड्यांत मोजलेल्या जमिनीवर ती फार काळ टिकली नाहीत आणि घरे शेतांवर विखुरली.

मंडळी मेनोनाइट मंडळ्यांच्या ज्या परिषदेत सामील झाली त्या परिषदेने विसाव्या शतकाच्या आरंभी चांपा-जांजगीर भागात मिशन काढले; तो प्रदेश तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. १९१७ मध्ये मात्र अमेरिकेतही सक्तीची भरती आली. ज्यांच्या आजोबांनी भरती टाळण्यासाठी रशिया सोडला होता असे मेनोनाइट तरुण कॅन्ससच्याच कॅम्प फन्स्टनमध्ये बोलावले गेले, आणि जर्मन भाषेतील उपासनेकडे शेजारी संशयाने पाहू लागले. त्यानंतरच्या दशकांत इंग्रजीने जर्मनची जागा घेतली आणि जुन्या जर्मन वळणाचे हस्ताक्षर नातवंडांना वाचता येईनासे झाले. शिवाय १९०८ मध्ये टाबोर आणि १९२० मध्ये गेसल या मंडळ्या वेगळ्या झाल्या होत्या. त्यामुळे १८७४ पूर्वी एका वहीत सापडणाऱ्या घराण्याचा पुढचा माग काढायचा तर होफनुंग्साउ धरून चार मंडळ्यांची दप्तरे उघडावी लागतात.