आद्यावृत्ती-संग्रह (फ्रेंच अव्हाँ-गार्द साहित्य)

साधारण १८५० नंतरच्या शतकातल्या बंडखोर फ्रेंच लेखकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचा छंद. यातली कित्येक पुस्तके लेखकांनी पदरमोड करून, मोजक्या प्रतींत काढली आणि ती खपली नाहीत. त्यांची आजची दुर्मिळाई बव्हंशी त्या अपयशातून आलेली आहे.

कवी आर्थर रँबोचे ‘युन सेझाँ आन आँफेर’ (नरकातला एक ऋतू) हे १८७३ मध्ये ब्रुसेल्सला छापलेले ५३ पानांचे पुस्तक, मुखपृष्ठावर किंमत एक फ्रँक. छापखान्याचे बिल चुकते न झाल्याने रँबोच्या हाती थोड्याच प्रती आल्या. बाकीच्या त्याने जाळल्या, अशी दंतकथा पुढे रूढ झाली. १९०१ मध्ये लेआँ लोसो या ग्रंथवेड्या बेल्जियन वकिलाला त्याच छापखान्याच्या गोदामात शेकडो प्रतींचे गठ्ठे सापडले! त्यामुळे नावाच्या मानाने हे पुस्तक तितकेसे दुर्मीळ नाही. खरे मोल आहे ते रँबोने स्वतः वाटलेल्या प्रतींना, विशेषतः कविमित्र व्हर्लेनसाठी सही करून दिलेल्या प्रतीला.

कवी लोत्रेआमाँच्या ‘ले शाँ द माल्दोरोर’ (माल्दोरोरची गीते) या पुस्तकाची कथा वेगळी. खटल्याच्या धास्तीने प्रकाशकाने १८६९ ची छपाई विक्रीलाच काढली नाही. तेच छापील कागद १८७४ मध्ये नव्या मुखपृष्ठाखाली बाजारात आले. म्हणून इथे आतल्या मजकुराइतकेच मुखपृष्ठही तपासावे लागते.

फ्रेंच पुस्तके कागदी वेष्टनात विकली जात आणि गिऱ्हाईक ती आपल्या ऐपतीप्रमाणे चामड्यात बांधून घेई. बांधताना मूळ वेष्टन फेकून दिले असेल, तर प्रतीचा भाव पडतो. शिवाय पुस्तक खपते आहे असे भासवण्यासाठी प्रकाशक पहिल्याच छपाईतल्या काही प्रतींवर ‘तिसरी आवृत्ती’ असे बेधडक छापत. जाणकार त्यावर विसंबत नाही. शेवटच्या पानावरची छपाईची तारीख पाहतो. हॉलंड किंवा जपानी या उंची कागदांवरच्या मोजक्या क्रमांकित प्रतींना सर्वाधिक मागणी असते.

संग्राहकांत झाक द्युसे या फॅशनसम्राटाचे नाव अग्रभागी. त्याने अतिवास्तववादाचा प्रणेता लेखक आंद्रे ब्रताँ याला सल्लागार नेमले, सजावटकार प्येर लग्रँकडून नव्या धाटणीच्या बांधण्या करून घेतल्या आणि आपला ग्रंथसंग्रह पॅरिस विद्यापीठाला दिला. खुद्द ब्रताँचा संग्रह मात्र २००३ मध्ये पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात फुटला. लेखक-कलावंतांनी विरोध केला, तरी लिलाव थांबला नाही. सरकारने अग्रखरेदीचा हक्क बजावून त्यातल्या काही वस्तू सार्वजनिक संस्थांसाठी घेतल्या.