आमच्या गाडीतली दुखण्यावरची बाटली आणि तुमच्या घरातलं गोळ्यांचं पाकीट
(वाई, पाचगणी, भुईंज परिसरातल्या आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ग्राहकांसाठी)

हाड मोडलेल्या, मार लागलेल्या पेशंटला आम्ही बहुधा हाताच्या शिरेतून १०० मिलिलिटरची एक छोटी बाटली लावतो. त्यावर घरच्यांचं म्हणणं ठरलेलं असतं. 'नुसतं ग्लुकोज काय लावताय, दुखायचं काहीतरी द्या की.' मग कुणीतरी बाटलीवरचं नाव वाचतं आणि दुसरी तक्रार येते. 'हे तर पॅरासिटामॉल. क्रोसिन आमच्याकडेही होती!'

औषध तेच आहे, हे खरं. पण या बाटलीत ते पूर्ण १ ग्रॅम असतं आणि १५ मिनिटांत शिरेतून जातं. पोटात गोळी विरघळायची वाट बघावी लागत नाही. पाच-दहा मिनिटांत उतार पडायला लागतो, पुरता जोर धरायला तासभर लागतो आणि पुढे चार ते सहा तास आधार राहतो. म्हणजे वाईहून पुण्याला पोचून एक्स-रे होईपर्यंत पेशंटला बरं पडतं. शिवाय खुबा मोडलेल्या आजींचं ऑपरेशन कदाचित आजच करावं लागेल, म्हणून पोट रिकामं हवं. तोंडातून गोळी आम्ही टाळतो ती यासाठी. (चहाही देऊ नका. 'घोटभरच दिलाय' हे आम्ही रोज ऐकतो.)

बाटली संपेपर्यंत गाडी दारात उभी राहते, असंही काहींना वाटतं. तसं नाही. सुई लागली, पायाला आधाराची पट्टी बांधली की गाडी निघते. बाटली रस्त्यात चालू राहते. ती पट्टी मात्र घाई करून सोडायला लावू नका. पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणाला मोडलेलं हाड हललं, तर कुठलंच औषध पुरत नाही.

आता ज्यासाठी हे पत्रक छापलं ते सांगतो.

आम्ही पोचायच्या आधी घरात काहीतरी दिलेलं असतं. त्याला आमचा आक्षेप नाही, दुखणाऱ्या माणसाकडे कोण नुसतं बघत बसेल? पण काय दिलं विचारलं की उत्तर येतं, 'साधीच गोळी, अंगदुखीची.' पाकीट कचऱ्यात, गोळी देणारा भाऊ दवाखान्यात पुढे गेलेला, मेडिकलवाला फोन उचलत नाही. मग आमचा माणूस डबा उलथा करून पाकीट शोधतो आणि पेशंट तसाच कळवळत पडून राहतो. आम्ही उशीर करतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरी बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

एवढं का अडून बसतो, तेही बघा. समजा तासाभरापूर्वी डोलो ६५० च्या दोन गोळ्या दिल्या. ते १३०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल झालं. त्यावर आमची १००० ची बाटली चढवली, तर तासाभरात २३०० पोटात आणि शिरेत मिळून गेलं. दोन मात्रांमध्ये किमान चार तास हवेत आणि धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, कारण जास्तीचा भार लिव्हरवर येतो. ५० किलोपेक्षा कमी वजनाच्या माणसाला एक ग्रॅमही जास्त होतो. तिथे किलोमागे १५ मिलिग्रॅम असा हिशोब लागतो. आपल्याकडच्या कितीतरी आज्या याच वजनात बसतात.

त्यात पॅरासिटामॉल एकट्याने कुठे येतं? कॉम्बिफ्लाममध्ये ते ३२५ मिलिग्रॅम असतं आणि सोबत ४०० आयब्युप्रोफेन. झिरोडॉल-पी मध्ये ॲसिक्लोफिनॅकबरोबर, अल्ट्रासेटमध्ये ट्रामाडॉलबरोबर. सर्दीच्या गोळीतही ते असतं. मुलांचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, कुठे ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम तर कुठे २५०, म्हणून 'दोन चमचे दिलं' एवढ्याने काहीच कळत नाही. बाटलीच दाखवा.

तेव्हा एवढंच करा. गोळी दिली की तिचं पाकीट पेशंटच्या फाइलमध्ये टाका आणि त्यावर पेनाने वेळ लिहा. त्याहून बरं म्हणजे आम्हाला फोन करताच पाकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. गाडी निम्म्या रस्त्यात असतानाच आमचे डॉक्टर बघून सांगतात, आणि आम्ही दारात आलो की थेट सुई लावतो. कावीळ होऊन गेली असेल, लिव्हरचा आजार असेल किंवा दारू घेतलेली असेल तर तेही कळवा. घरच्यांसमोर नको वाटत असेल तर गाडीत बसल्यावर आमच्या माणसाच्या कानात सांगा, त्याला नवीन नाही.

दुसरा आग्रह असतो 'कमरेत इंजेक्शन'चा, म्हणजे डायक्लोफिनॅकचा. मुतखड्याच्या कळांना ते फार चांगलं आहे आणि डॉक्टरांनी सांगितलं तर आम्हीही देतो. पण किडनीचा आजार, अल्सर, डेंग्यूचा संशय, रक्त पातळ करायच्या गोळ्या, शेवटच्या महिन्यांतलं गरोदरपण, यांत ते चालत नाही. छातीत दुखत असेल तर हे पत्रक बाजूला ठेवून आधी फोन करा आणि कमरेत कुणाकडूनही काही टोचून घेऊ नका. हार्ट अटॅक निघाला आणि रक्ताची गाठ विरघळवायचं औषध द्यावं लागलं, तर त्या टोचल्या जागी रक्त साकळतं.

'मॉर्फिन का नाही देत, मोठ्या दवाखान्यात देतात' असं शिकलेले लोक विचारतात. मॉर्फिन अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, ट्रामाडॉलसुद्धा २०१८ पासून त्यातच आहे. त्यांचा साठा आणि नोंदी कडक असतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे श्वासावर डोळा ठेवावा लागतो. घाटात गुंगी आणि उलटी एकदम आली तर वयस्कर पेशंटचं अवघड होतं. असलं औषध सोबत डॉक्टर असलेल्या गाडीतच, त्यांच्या हातून दिलं जातं. आमची सुरुवात पॅरासिटामॉलने होते ती स्वस्तात भागवायचं म्हणून नव्हे. हातापायाची दुखापत आणि मुतखडा यांत दोन्हींची तुलना केलेल्या काही अभ्यासांत आराम जवळपास सारखाच आढळला आहे, गुंगीचा त्रास नाही. एकाने उतार पडला नाही तर पुढची पायरी आहेच. ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात आहेत, ती तिथल्या ॲम्ब्युलन्समधल्या हिरव्या शिट्टीबद्दल सांगतात. ते मेथॉक्सिफ्लुरेन, दुखण्यावरचं हुंगायचं औषध. चांगलं आहे, आमच्या गाडीत ते नाही.

'दुखणं मारलं तर डॉक्टरांना पोट तपासताना कळणार नाही' ही भीतीही जुनी आहे. पूर्वी डॉक्टरही असंच मानत, आता मानत नाहीत. काय दिलं, किती वाजता दिलं, याची चिठ्ठी आम्ही दवाखान्यात हातात देतो.

सरकारची १०८ ची गाडी २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि ती मोफत आहे. ती लवकर मिळत असेल तर खुशाल तीच घ्या. पाकिटाचा नियम तिथेही कामी येईल. आमच्याकडे बाटलीचे पैसे छापील किमतीनेच बिलात लागतात, रिकामी बाटली मागितली तर दाखवतो. साधी गाडी हवी की डॉक्टरसह, हे फोनवर आम्हीच विचारू. वजन अंदाजे किती, तेवढं तयार ठेवा.