बारीक दळणारा आणि बारकाईने दळणारा

कॉफी ग्राइंडरच्या खोक्यावर बहुधा कुठल्या कॉफीला किती जाड-बारीक दळायचं याचा एक तक्ता छापलेला असतो. एका टोकाला जाड दळणाची फ्रेंच प्रेस, दुसऱ्या टोकाला अगदी बारीक दळणाचा एस्प्रेसो, म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेली दाट कॉफी. तक्ता खोटा नसतो. तो ग्राइंडर एस्प्रेसोइतकं बारीक दळतोच. तरीही घरी आणल्यावर त्यावर एस्प्रेसो जमेल याची खात्री नाही.

मी यात एकदा फसले आहे. माझा पहिला हातग्राइंडर दिसायला देखणा, दळायला हलका. दळण जाड-बारीक करायची त्याची चकती टकटक करत एकेक पाऊल फिरायची; त्या पावलाला क्लिक म्हणतात. त्यावर सातव्या क्लिकला दळलं की ३६ ग्रॅम कॉफी १६ सेकंदांत धो धो खाली यायची. पातळ आणि आंबट. म्हणून एक क्लिक आवळून सहावर आणलं, तर मशीन नुसतं घुमत राहिलं आणि पाऊण मिनिटाने डांबरासारखे चार थेंब पडले. मला हवी होती ती कॉफी सहा आणि सातच्या मध्ये कुठेतरी होती, आणि मध्ये काहीच नव्हतं. दोन्ही दळणं चिमटीत घेऊन चोळली तर बोटांना फरकही कळत नव्हता.

दुकानदार आणि जाहिराती हे दोन गुण एकाच शब्दात गुंडाळतात. एक म्हणजे किती बारीक दळता येतं. दुसरा म्हणजे त्या बारीकपणात किती छोट्या पावलांनी पुढे-मागे सरकता येतं. पहिला गुण आज बऱ्याच ग्राइंडरांत असतो. एस्प्रेसोला लागतो तो दुसरा, आणि पैसे खरे त्याचेच पडतात.

पिठाच्या गिरणीत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. भाकरीचं पीठ, भाजणी, लाडवांचं जाडसर बेसन, सगळं त्याच दगडांमधून निघतं. गिरणीवाला चाक किंचित फिरवतो, पडणारं पीठ चिमटीत घेऊन बघतो, पुन्हा केसभर फिरवतो. गिरणी बारीक दळते हे गृहीतच असतं. ते चाक केसभर फिरून तिथेच थांबतं, यावर त्याचा सगळा धंदा आहे. ते चाक एकदम पाव-पाव वळशानेच फिरलं असतं तर भाजणीचा एकतर मैदा झाला असता नाहीतर भरडा.

एस्प्रेसोला एवढी नजाकत का लागते, आणि कागदी फिल्टरच्या कॉफीला का लागत नाही? फिल्टरमध्ये पाणी स्वतःच्या वजनाने झिरपतं. तीन-साडेतीन मिनिटांचं काम, त्यात दहा सेकंद इकडे तिकडे झाले तर कुणाच्या जिभेला पत्ता लागत नाही. एस्प्रेसोत पाण्यावर साधारण ९ बार दाब असतो. कुकरची शिटी होते तेव्हा आतला जादा दाब जेमतेम १ बार असतो, यावरून अंदाज यावा. एवढ्या दाबाने येणाऱ्या पाण्याला अडवायला समोर असते फक्त १८ ग्रॅम कॉफीची दाबून बसवलेली वडी. झडप नाही, नळ नाही. पाणी किती वेगाने जाणार हे ठरवतात त्या वडीतल्या कणांमधल्या फटी. कण थोडे बारीक झाले की फटी त्या मानाने फार अरुंद होतात. १८ ग्रॅम पूड घेऊन ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरावी, हा सुरुवातीला धरायचा हिशेब. त्यात सात-आठ सेकंदांचा फरक म्हणजे एका बाजूला आंबट आणि दुसऱ्या बाजूला जळकट कडू.

याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे बराट्झा कंपनीचे दोन ग्राइंडर, एन्कोर आणि एन्कोर ईएसपी. नाव जवळपास तेच, रूपही तेच, आणि सेटिंगं दोन्हींत ४०. पण साध्या एन्कोरमध्ये ही ४० पावलं जाडपासून बारीकपर्यंत सारख्या अंतराने वाटलेली आहेत. ईएसपीमध्ये १ ते २० ही अर्धी पावलं एकट्या एस्प्रेसोच्या अरुंद पट्ट्यात कोंबली आहेत आणि उरलेल्या २० पावलांत बाकीचं सगळं जग. म्हणजे ‘४० सेटिंग्ज’ हा आकडा ऐकून काहीच कळत नाही. तुमच्या पट्ट्यात त्यातली किती येतात ते विचारायचं.

हातग्राइंडरांत हे मोजणं सोपं असतं, कारण बऱ्याच कंपन्या एका क्लिकला आतलं दळणारं चाक किती सरकतं ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगतात. वनझेडप्रेसोच्या जेएक्समध्ये एका क्लिकला २५ मायक्रॉन, जेएक्स-प्रोमध्ये १२.५. कमांडान्ते सी-४० मध्ये एक क्लिक साधारण ३० मायक्रॉनची. म्हणून त्यांनी रेड क्लिक्स नावाचा वेगळा सुटा भाग काढला, जो तेच पाऊल निम्मं करतो. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉनचा धरला तर हे सगळं केसाच्या आतलं भांडण आहे. हे आकडे चाक वर-खाली किती सरकतं त्याचे आहेत, कॉफीच्या कणाच्या आकाराचे नव्हेत. विक्रेते ही गल्लत सर्रास करतात. माझं मत विचाराल तर एस्प्रेसोसाठी १५ मायक्रॉनच्या आत असेल तर निश्चिंत व्हा, २० पर्यंत जमवून घेता येतं, २५ च्या पुढे रोज सकाळी स्वतःशी वाद होतो. पाऊलच नसलेले, म्हणजे क्लिक न करता सलग फिरणारे ग्राइंडरही मिळतात. तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. फक्त काल नेमकं कुठे ठेवलं होतं ते शोधत बसावं लागतं.

आधीच मोठ्या पावलांचा ग्राइंडर घेऊन बसला असाल तर लगेच विकायला काढू नका. दोन क्लिकांच्या मध्ये अडकलात की दळण तसंच ठेवा आणि पूड अर्धा ग्रॅम वाढवा किंवा कमी करा. १८ च्या जागी १८.५ ग्रॅम घातली की वडी थोडी जाड होते आणि पाणी सावकाश उतरतं. मी सहा महिने असेच काढले. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा मात्र हवाच.

पण हे सगळं करण्याआधी एक काम करा, कारण कदाचित तुम्हाला एस्प्रेसोचा ग्राइंडर लागतच नसेल. मशीनबरोबर आलेली पत्र्याची जाळीदार वाटी, बास्केट, उपडी करून बघा. खालच्या बाजूला सगळीकडे बारीक भोकं दिसली तर ती साधी बास्केट. वर सांगितलेला सगळा छळ तिच्यासाठी आहे. आतून पुष्कळ भोकं पण बाहेरून मधोमध एकच इवलंसं भोक असेल तर ती दुहेरी तळाची. त्यात दाब कॉफीच्या वडीने नव्हे, त्या एका भोकाने तयार होतो. वर दिसणारा फेसही बराचसा तिथलाच. अशा बास्केटमध्ये मध्यम प्रतीचा ग्राइंडर, अगदी दुकानातून दळून आणलेली पूडसुद्धा चालते. घरगुती स्वस्त मशीनांबरोबर बहुधा हीच येते. मोका पॉटचंही, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायच्या भांड्याचंही तसंच. त्याला लोक ‘चुलीवरचा एस्प्रेसो’ म्हणतात खरे, पण त्यात दाब एक-दीड बारच्या आसपास असतो, दळण एस्प्रेसोहून जाड लागतं आणि पावलांची एवढी कटकट नसते. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांना हे कळल्यावर त्यांचे बरेच पैसे वाचले.

मिक्सरच्या चटणीच्या भांड्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पातं फिरतं आणि जे समोर येईल ते फोडतं. आकार ठरवणारी फट तिथे नसतेच. एकाच घाण्यात धूळही मिळते आणि गव्हाएवढे तुकडेही. धूळ कडू उतरते, तुकडे आंबट राहतात, आणि दाबाखालचं पाणी वडीत कुठेतरी भगदाड पाडून निसटतं. दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये निभेल एखादवेळ.

चपटी चाकं चांगली की शंकूच्या आकाराची, यावर लोक तासन्‌तास बोलतात. चवीत फरक पडतो असं मलाही वाटतं, पण पहिला ग्राइंडर घेताना त्याने झोप उडवू नये. त्यापेक्षा चाकाची दांडी हलते का ते बघा. हँडल उचलून आतली दांडी बोटाने आडवी ढकलून पाहायची. जात्याचा मधला खिळा ढिला झाला की एका अंगाने रवा आणि दुसऱ्या अंगाने पीठ पडतं, तीच गत इथे होते. मग एक क्लिक कितीही मायक्रॉनची असो, काय उपयोग? लहानपणी गल्लीत पाट्याला, जात्याला टाकी लावून देणाऱ्या बायका हाळी घालत यायच्या. कॉफी ग्राइंडरला तशी सोय नाही, पण घरच्या वापराला पोलादी चाकं वर्षानुवर्षं टिकतात. फक्त त्यात चिकोरी किंवा साखर लावलेल्या बिया घालू नका.

हाताचा घ्यायचा की विजेचा? सारख्या दर्जाच्या चाकांचा हाताचा बराच स्वस्त पडतो, कारण मोटरचे पैसे वाचतात. १८ ग्रॅम एस्प्रेसोसाठी दळायला मिनिटभर ते दीड मिनिट जातं. कमी भाजलेल्या बिया असतील तर जास्त, आणि मनगट बोलतं. एका-दोघांच्या घराला हाताचाच घ्या असं मी सांगते. मुंबईतल्या आमच्यासारख्या इमारतीत, जिथे शेजारच्यांची फोडणी आपल्याला शिंकायला लावते, तिथे सकाळी सहाला विजेचा ग्राइंडर लावणं म्हणजे अख्ख्या मजल्याला उठवणं. रविवारी पाच-सहा पाहुणे येणाऱ्या घरात मात्र हाताचा ग्राइंडर पाहुण्यांच्याच हातात द्यावा लागतो.

एकाच ग्राइंडरवर एस्प्रेसो आणि दुसरी कॉफी दोन्ही करू, हा विचारही जपून करा. आमच्याकडे सासऱ्यांना माटुंग्याची फिल्टर कॉफी लागते, तीही पितळी फिल्टरमधली. सुरुवातीला मी त्यांच्यासाठी जाड, माझ्यासाठी बारीक असं रोज चाक फिरवत होते. दर फेरीत आत अडकलेली आधीची पूड नव्या दळणात मिसळायची आणि माझा एस्प्रेसोचा पहिला कप वाया जायचा. वर त्यांना ती चिकोरीशिवायची कॉफी ‘औषधासारखी’ लागायची. आता त्यांची पूड पूर्वीसारखीच दुकानातून दळून येते आणि ग्राइंडर एस्प्रेसोच्या पट्ट्याबाहेर जात नाही.

पट्ट्याच्या आत मात्र तो सतत हलतो, आणि छोट्या पावलांची खरी किंमत इथे कळते. भाजल्यानंतर बियांमधला वायू हळूहळू निघून जातो. पाकीट दहा दिवसांचं असताना जिथे २८ सेकंद लागत होते, तिथे महिन्याने २२ लागतात, म्हणजे एक-दोन क्लिक आवळायच्या. नवं पाकीट आलं की पुन्हा सैल. चिकमगळूरच्या एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यावर गेलं तरी तेच. त्यात आपली हवा. कॉफीचं बी ओल शोषतं. मान्सून्ड मलबार नावाची कॉफी तर न भाजलेल्या बिया मुद्दाम किनाऱ्यावरच्या पावसाळी वाऱ्यात ठेवून, फुगवून करतात. आपली पाकिटं तशी फुगवायची नसल्यामुळे जून लागला की मी बिया घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि दळण्यापुरत्याच बाहेर काढते. फ्रिजमधून काढून लगेच दळत नाही, बियांवर दव धरतं. तरीही मेमधला आकडा जुलैत चालत नाही.

म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज दोन आकडे टाकते: क्लिक आणि सेकंद. आजचे २३ आणि २७. सासऱ्यांना अजून वाटतं की दूधवाल्याने लिटरमागे काहीतरी वाढवलंय.