युनिक्स

युनिक्स ही एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक माणसांना काम करू देणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे असलेल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये तिच्यावर काम सुरू केले. लिनक्स, मॅकओएस, अँड्रॉइड या आजच्या प्रणाली एक तर तिच्यातून निघालेल्या आहेत किंवा तिच्या घडणीवर उभ्या आहेत. महागड्या यंत्राचा वेळ वाटून घेण्याच्या गरजेतून बहुवापरकर्ता प्रणाली जन्माला आल्या. यंत्रे स्वस्त झाल्यावर ती गरज संपली, तरी युनिक्सची रचना टिकली. वापरकर्त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची तिची साधी पद्धत हे त्याचे मुख्य कारण म्हणावे लागेल.

त्याआधीच्या काळात छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची, अशी कामाची रीत होती. एखादे चिन्ह चुकले तरी पुन्हा रांगेत उभे राहावे लागे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये वेगळी वाट दाखवली. टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकण्याच्या साधनावर, बसलेला माणूस विचार करत असतो, अक्षरे टंकत असतो, तेव्हा प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामाच असतो. तो वेळ लहान लहान तुकड्यांत इतरांना दिला, तर प्रत्येकाला यंत्र आपल्यासाठीच चालले आहे असे वाटते. याच कल्पनेचा मोठा अवतार म्हणून एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून मल्टिक्स हा प्रकल्प हाती घेतला. तो लांबत गेला आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले.

टॉम्प्सन आणि रिची यांना मात्र मल्टिक्समधली सामूहिक कामाची सोय हवीच होती. प्रयोगशाळेत फारसा वापर नसलेला एक पीडीपी-७ संगणक होता. टॉम्प्सन यांनी त्यावर आधी अंतराळप्रवासाचा एक खेळ उतरवला आणि मग फाइल सिस्टीमची मांडणी सुरू केली. पत्नी लहान मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेली असताना त्यांनी प्रणालीचे उरलेले मुख्य भाग लिहून काढले. या पहिल्या रूपात यंत्राला दोनच टर्मिनल जोडलेले होते आणि प्रत्येकासाठी एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे चालू स्थितीतला प्रोग्रॅम, असे.

नवे यंत्र मिळवण्यासाठी या गटाने प्रयोगशाळेच्या पेटंट विभागासाठी मजकूर टंकण्याची आणि मांडण्याची सोय करून देण्याचे कबूल केले. १९७१ च्या उत्तरार्धात पीडीपी-११/२० या संगणकावर तीन टंकलेखिका दिवसभर पेटंटचे अर्ज टंकत आणि त्याच यंत्रावर प्रणालीचे कर्ते आपले काम पुढे रेटत. त्या यंत्राची स्मृती अवघी २४ किलोबाइट होती; त्यातली १६ प्रणालीला आणि ८ वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला मिळे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या किंवा कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) स्मृतीवर लिहू नये, यासाठी हार्डवेअरमध्ये कोणतेही संरक्षण नव्हते. त्यामुळे नवा प्रोग्रॅम चालवून पाहण्याआधी ‘ए.आउट?’ (नव्याने तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलला आपोआप मिळणारे नाव) अशी हाक देण्याचा शिष्टाचार होता. ती ऐकली की बाकीचे आपापला मजकूर साठवून घेत. पुढे पीडीपी-११/४५ आल्यावर हे रक्षण हार्डवेअरकडे गेले. बहुवापरकर्ता प्रणालीला नेमके काय लागते, हे या हाकेतून जितके कळते तितके व्याख्येतून कळत नाही.

युनिक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो. त्याने सुरू केलेली प्रत्येक प्रोसेस तो क्रमांक बरोबर बाळगते आणि प्रत्येक फाइलवर मालकाचा क्रमांक नोंदलेला असतो. प्रोसेसने फाइल मागितली की कर्नल हे क्रमांक ताडून पाहतो. परवानग्या तीन प्रकारच्या: वाचणे, लिहिणे आणि चालवणे, त्या मालक, त्याचा गट आणि इतर सर्व यांना वेगवेगळ्या दिलेल्या असतात. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे मूल्य धरून त्या तीन अंकांत लिहितात. ६४० म्हणजे मालकाने वाचावे आणि लिहावे, गटाने फक्त वाचावे, इतरांनी हात लावू नये. वाड्यातल्या बिऱ्हाडांची विहीर एक असली तरी कुलपे आपापली असतात, तसा हा प्रकार. शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला, म्हणजे रूटला, मात्र हे निर्बंध लागू होत नाहीत.

यातून एक पेच उभा राहतो. पासवर्डांची फाइल रूटच्या मालकीची आहे आणि ती इतर कोणी बदलू शकत नाही. मग सामान्य वापरकर्त्याने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? रिची यांनी त्यावर काढलेला तोडगा फार सुंदर आहे. प्रोग्रॅमच्या फाइलवर एक खास खूण ठेवायची. ती असली की प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. पासवर्ड बदलण्याचा प्रोग्रॅम असा थोड्या वेळापुरता रूटचा अधिकार घेतो, एवढे एकच काम करतो आणि संपतो. या कल्पनेचे पेटंट रिची यांच्या नावे १९७९ मध्ये मंजूर झाले. अशा खुणेच्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तर घुसखोराला संपूर्ण यंत्र हाती लागते, हा तिचा धोकाही खराच.

पासवर्ड जसेच्या तसे साठवले जात नाहीत. रॉबर्ट मॉरिस आणि टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पासवर्डात १२ बिटांची (शून्य-एक अंकांची) यादृच्छिक भर घालून तो उलट न फिरवता येणाऱ्या रूपात बदलला जाई. त्यामुळे एकाच पासवर्डाची ४,०९६ वेगवेगळी रूपे होऊ शकत आणि दोघांचा पासवर्ड एकच असला तरी फाइल पाहून ते सहसा ओळखता येत नसे.

१९७३ हे वर्ष युनिक्सला दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहामुळे एका प्रोग्रॅमचे उत्तर थेट दुसऱ्याला पुरवणारा पाइप प्रणालीत आला. त्याच वर्षी कर्नल सी या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिला गेला, त्यामुळे तो दुसऱ्या बनावटीच्या यंत्रांवर नेणे शक्य झाले. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे बेलची मालक कंपनी एटी अँड टी हिला संगणक व्यवसायात उतरता येत नव्हते. म्हणून विद्यापीठांना युनिक्स मूळ सोर्स कोडसह अल्प शुल्कात मिळे. एका पिढीने ऑपरेटिंग सिस्टीम शिकली ती हा कोड वाचून. बर्कली येथे बिल जॉय आणि सहकाऱ्यांनी त्यात मोठी भर घातली. १९८३ च्या त्यांच्या आवृत्तीत इंटरनेटचे टीसीपी/आयपी नियम अंतर्भूत होते. पुढे कंपन्यांच्या परस्परांशी न जुळणाऱ्या आवृत्त्या आणि कज्जे यांत बराच काळ गेला. युनिक्ससारखी मुक्त प्रणाली घडवण्यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आणलेला लिनक्स कर्नल यांनी मुक्त वापराची दुसरी वाट खुली केली.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळी शेल अकाउंट, म्हणजे फक्त अक्षरी आज्ञा देऊन वापरायचे खाते, घेतलेल्या मुंबई-पुण्यातील विद्यार्थ्यांचा मोडेम दुसऱ्या टोकाला एका युनिक्स यंत्राशीच जोडला जाई. त्यावर अनेकजण एकाच वेळी लॉगिन करून पाइन या ईमेल प्रोग्रॅममध्ये पत्रे वाचत आणि लिंक्स (Lynx) या ब्राउझरमध्ये चित्राविना वेबपाने पाहत. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून केवळ लिनक्सच आहे. अशा यंत्रांवर आजही शेकडो संशोधक आपापल्या खात्यातून काम पाठवतात.

एकाच माणसाच्या खिशात राहणाऱ्या फोनमध्ये या रचनेचा उपयोग अनपेक्षित रीतीने झाला. अँड्रॉइड लिनक्स कर्नलवर चालते आणि त्यात प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र वापरकर्ता मानले जाते. अ‍ॅप बसवताना त्याला १०००० पासून पुढचा एक वापरकर्ता क्रमांक मिळतो आणि त्याच्या खासगी फाइली त्या क्रमांकाच्या मालकीच्या होतात. एखाद्या खेळाच्या अ‍ॅपने बँकेच्या अ‍ॅपची खासगी फाइल उघडू पाहिली, तर कर्नल क्रमांक ताडतो आणि ती मागणी नाकारतो.