युरोपातली फुटबॉलची गर्दी: खुर्च्या आल्या म्हणून वाढली का?

आता प्रीमियर लीगची कुठलीही मॅच लावा, स्टँड फुल्लच. पण महायुद्धानंतर इंग्लंडात जी झुंबड उडायची त्यापुढे हे काहीच नाही, 1948-49 ला इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या सगळ्या डिव्हिजनच्या (वरच्या-खालच्या गटांच्या) मॅचेस मिळून 4 कोटी 10 लाखांच्या वर प्रेक्षक आले होते. मग घरोघरी टीव्ही आला, स्टँडमधल्या हाणामाऱ्या वाढल्या, मैदानं तीच जुनीपुराणी, आणि 1985-86 ला आकडा आला साधारण 1 कोटी 65 लाखांवर.

1989 ला शेफिल्डच्या मैदानात चेंगराचेंगरी होऊन 97 जण गेले. त्यानंतरच्या चौकशी अहवालाने (जानेवारी 1990) वरच्या दोन डिव्हिजनमधली उभं राहायची जागा बंद करून सगळीकडे खुर्च्या टाकायला सांगितलं, आणि खरा वाद इथूनच आहे. दोष मुख्यतः पोलिसांच्या ढिसाळ बंदोबस्ताचा, हे त्याच चौकशीच्या आधीच्या अहवालात होतं, मग शिक्षा उभं राहणाऱ्यांना का? शिवाय खुर्च्यांमुळे तिकीट फार महागायला नको असंही जानेवारीच्या अहवालात होतं, ग्लासगोतल्या एका मैदानाचं उदाहरण होतं, बसायला 6 पाउंड, उभं राहायला 4. क्लबांनी खुर्च्या तेवढ्या उचलल्या, ही ओळ सोयीस्कर विसरली. लिव्हरपूलचा कॉप स्टँड, जिथे एकेकाळी 25 हजारांवर माणूस उभा असायचा, तो 1994 ला खुर्च्यांचा झाला आणि निम्म्यावर आला.

खुर्च्या आल्या म्हणून गर्दी परतली असं आजही छातीठोकपणे सांगतात, पण आकडा 1986-87 पासूनच चढायला लागला होता, तेव्हा कुठल्या खुर्च्या? सुरक्षितता वाढली हे मान्यच, पण किमतीमुळे जो पोरगा बाहेर राहिला तो या हिशोबात येतच नाही. आणि हल्ली जाहीर होते ती विकलेली तिकिटं, घरी बसलेला सीझन तिकीटवालाही हजर धरला जातो.

जर्मनीने उभं राहणं ठेवलं. डॉर्टमुंडच्या एका स्टँडमध्ये जवळपास 25 हजार लोक उभे राहतात, तेही स्वस्तात. इटलीत उलटं, 1990 च्या वर्ल्डकपसाठी तुरिनला भलंमोठं मैदान बांधलं, खेळ आणि प्रेक्षकांच्या मध्ये धावण्याच्या शर्यतींचा ट्रॅक, त्यामुळे खेळ दिसायचा लांबून, 20 वर्षांच्या आत पाडलंच. इंग्लंडने 2022 ला काही मैदानांवर उभं राहायला परत परवानगी दिली. आणि जर्मनीत मोठे जुने क्लब खाली घसरून 2023-24 ला दुसऱ्या डिव्हिजनचीच सरासरी 28 हजारांच्या वर गेली.