एंटरचं उत्तर वेगळं, एस्केपचं वेगळं

वर्ड बंद करताना ती खिडकी येते ना, सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सलवाली, तिच्यात एक बटण आधीच उठून दिसत असतं, ते डीफॉल्ट, म्हणजे नुसता एंटर मारला की तेच दाबलं जातं. आता बऱ्याच जणांना वाटतं डीफॉल्ट म्हणजे सेफ, काही कळलं नाही तर एंटर मारा, जसं आहे तसं राहील. नाही राहत! एंटरने सेव्ह होतं, आणि चुकून चार पॅरे उडवलेले असतील तर तेही उडालेलेच सेव्ह होतात. काहीच न करणारं उत्तर एस्केपवर असतं, म्हणजे कॅन्सल, फाइल उघडीच राहते, बंद करायचा बेतच रद्द. (डोन्ट सेव्ह हे तिसरंच प्रकरण, तो 'नाही' म्हणतो पण फाइल बंद करतोच.)

थोडक्यात एंटरवर ठेवतात ते बहुतेकांना हवं असलेलं उत्तर आणि एस्केपवर मागे फिरायची वाट. सेव्हच्या प्रश्नात एंटरचं उत्तर सहसा कमी धोक्याचंही असतं म्हणून फरक जाणवत नाही, पण सगळीकडे तसं जुळत नाही.

डॉसवरचं (म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवरचं) वर्डपर्फेक्ट 5.1 बघा, वर्डसारखाच लिहिण्याचा प्रोग्राम, 1989 चं. बाहेर पडायला F7 दाबलं की एकामागून एक प्रश्न, आणि डीफॉल्ट उत्तर पुढे, दुसरं कंसात. सेव्ह करू का, डीफॉल्ट येस. त्या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का, डीफॉल्ट नो. प्रोग्राममधून बाहेर पडू का, परत नो. विचार करून ठेवलेलं आहे हे, जिथे जुनं काम पुसलं जाईल तिथे नुसत्या एंटरने काही पुसलं जात नाही. पण रोज तीच फाइल सेव्ह करणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नाला दरवेळी येसच म्हणायचं असतं, मग तो प्रश्न न वाचताच Y दाबायला लागतो आणि ज्या दिवशी खरंच दुसऱ्या फाइलचं नाव टाकलेलं असतं त्या दिवशीही Y च दाबला जातो, मग त्या सेफ डीफॉल्टचा उपयोग काय झाला? माझ्या मते उठसूट विचारला जाणारा प्रश्न मुळात कमी विचारायला हवा, नुसतं डीफॉल्ट बदलून भागत नाही. आणि हो, तिथे कॅन्सलची की F1 होती. एस्केप टायपिंग करताना पुढची की रिपीट करायला, किती वेळा तो आकडा न बदलता ठेवला तर आठ वेळा!

विंडोजमध्ये तर प्रोग्रामरने काही ठरवलंच नाही तर साध्या मेसेज बॉक्सचं (प्रश्न विचारणाऱ्या छोट्या खिडकीचं) पहिलं बटण आपोआप डीफॉल्ट होतं, म्हणजे येस-नो असेल तर येस, मग प्रश्न 'सगळं डिलीट करू का' असला तरी. दुसरं बटण डीफॉल्ट करायची सोय आहे, पण ती आठवणीने वापरावी लागते. वर त्या बॉक्समध्ये नुसतं येस-नो असेल, कॅन्सल नसेल, तर एस्केप चालतच नाही आणि कोपऱ्यातली फुलीही बंद. म्हणजे एंटर जोरात आणि मागे फिरायची वाटच नाही.

ॲपलच्या डिझाइन गाइडलाइन्समध्ये डेटा घालवणारं बटण डीफॉल्ट ठेवू नका असं सांगितलंय. गूगल डॉक्सने तर सेव्हचा प्रश्नच काढून टाकला, लिहिताना आपोआप सेव्ह होत राहतं आणि चार पॅरे उडाले तर व्हर्जन हिस्टरीतून परत आणता येतात.